मुंजा गेला ग्लासगोला

ऑगस्ट 2024 मध्ये ग्लासगोला वर्ल्डकॉन भरणार होतं. वर्ल्डकॉन म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांचं जागतिक संमेलन. तिथल्या देशोदेशींच्या भुतांवरच्या परिसंवादात मी बोलावं, अशी मेल आली. मी भयकादंबऱ्या लिहितो, आणि आपल्याकडच्या साहित्य संमेलनात भयकादंबरीकाराची जागा मंडपात मागून तिसऱ्या रांगेत, पंख्याच्या टप्प्याबाहेर असते. त्यामुळे ती मेल मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. मग दुसरी मेल आली. परिसंवादात भाग घेण्यासाठी कृपया सदस्यत्व विकत घ्यावे.

मानधनाच्या बाबतीत मराठी लेखक तसा निर्ढावलेला असतो. 'मानधन नाही, पण जेवण आमच्याकडे' इथपर्यंत आमची सगळ्यांचीच मजल गेलेली आहे. पण बोलायचं आपण आणि पैसेही आपणच भरायचे? एडिंबराला शिकणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मामा, तिथे सगळेच भरतात," ती म्हणाली. "परिसंवादवाले भरतात, खुर्च्या मांडणारेही भरतात. पगारी कोणी नसतं. सन्माननीय पाहुणे म्हणून मोजकी माणसं असतात, त्यांना तेवढं माफ. त्यांत तू नाहीस."

"म्हणजे शालबिल काही नाही?"

"लागेल तुला, ऑगस्टमध्येसुद्धा. घरून आण."

हे सगळं 1939 पासून असंच चालू आहे म्हणे. न्यूयॉर्कमध्ये पहिलं भरलं तेव्हा सुमारे 200 टाळकी होती. मधली युद्धाची वर्षं सोडली तर खंड नाही. तिकीट नसतं, सदस्यत्व असतं, कारण इथे प्रेक्षक अशी जातच नाही. वाचकांनी वाचकांसाठी भरवलेला कारभार, आणि लेखक हा त्यातला एक वर्गणीदार. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला.

क्लाइड नदीच्या काठावर मोठं प्रदर्शन केंद्र आहे आणि त्याला लागून आर्माडिलो नावाचं चंदेरी खवल्यांचं सभागृह. 8 ते 12 ऑगस्ट हा सगळा परिसर या मंडळींच्या ताब्यात होता. लिफ्टमध्ये माझ्या डाव्या हाताला अंतराळवीर, उजव्या हाताला शेपूट सावरत उभी असलेली मुलगी. गळ्यातल्या ओळखपत्राखाली एकाखाली एक रंगीत फिती चिकटवायची इथे रीत आहे. कोणी स्वयंसेवक म्हणून मिळवलेली, कोणी मांजरप्रेमी म्हणून, कोणी फितीवाल्याशी नुसत्या गप्पा मारल्या म्हणून. मुरलेल्या माणसांची माळ गुडघ्यापर्यंत लोंबते. माझ्याकडे एकच फीत, तीही अर्धी उचकटलेली.

लेखक म्हणून जरा वजन पडावं म्हणून मी झब्बा, जाकीट, खांद्याला शबनम आणि कोल्हापुरी असा जामानिमा केला होता. हिरव्या तोंडाच्या दोन तरुणांनी मला थांबवून फोटो काढला.

"छान जमलंय. कोण आहात तुम्ही?"

"लेखक," मी म्हणालो.

"कुठल्या मालिकेतला?"

परिसंवादासाठी मी बारा पानी भाषण टाइप करून नेलं होतं. सूत्रसंचालक बाईंनी प्रत्येकाला दोन मिनिटं दिली. आपल्याकडे दोन मिनिटांत मान्यवरांची नावंसुद्धा घेऊन होत नाहीत. मी हडळ गाळली, वेताळ गाळला, ब्रह्मराक्षसाला हात जोडले आणि थेट मुंजावर आलो. मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. पिंपळावर राहतो. झाड सोडत नाही. संपलं.

पहिल्या रांगेत सत्तरीच्या एक आजी मोजा विणत बसल्या होत्या. इथे भाषण चालू असताना विणणं अपमानाचं मानत नाहीत. पाच-सहा जणी तरी विणत होत्या. प्रश्नांची वेळ आली तशा आजींच्या सुया थांबल्या.

"तो झाड सोडत नाही म्हणालात. मग झाड तोडलं तर?"

मुंजावर माझ्या चार कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या एकीत तर तो मुख्यमंत्र्यांच्या स्वप्नात जातो. पण रस्तारुंदीत अर्ध्या पुण्याचे पिंपळ गेले, त्यांच्यावरच्या मुंजांनी काय केलं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मराठी वाचक भेटला की 'हल्ली काय नवीन?' विचारतो आणि उत्तर द्यायच्या आत पार्किंग शोधायला जातो.

"तो... बेघर होतो," मी म्हणालो.

"म्हणजे झाड सोडू शकतो," आजी म्हणाल्या. "मग राहतो कशाला?"

मागून एक उंच डच गृहस्थ उठले. पिंपळाचं बी पक्षी नेतात ना? मग भिंतीत उगवलेल्या प्रत्येक रोपावर तोच मुंजा, की पिल्लं? एका तरुणीचं म्हणणं, आधी झाडाची व्याख्या ठरवा. मुळं राहिली तर ते तोडलेलं धरायचं का? सूत्रसंचालक बाईंनी वेळ संपल्याची पाटी दाखवली. सगळे शिस्तीत उठले आणि वाद घेऊन बाहेरच्या मार्गिकेत गेले. मुंजा त्यांच्याबरोबर गेला. मी आणि माझी बारा पानं टेबलावर राहिलो.

पुस्तकाच्या पाच प्रती मी शबनममध्ये ठेवल्या होत्या, उगाच. एक खरोखर गेली. एका वेल्श गृहस्थांनी पैसे देऊन घेतली, सही घेतली, तारीख घालायला लावली. मला भरून आलं. मराठी कुठे शिकलात, विचारलं.

"छे, मला येत नाही. मला न येणाऱ्या भाषांमधली पुस्तकं मी जमवतो."

आपल्याकडे विकत न घेता वाचणारे असतात. हा विकत घेऊन न वाचणारा. दोघांची कुठेतरी गाठ घालून द्यायला हवी.

सकाळी संघटनेची कामकाज सभा असते. भाचीने जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून गेलो. सोसायटीची वार्षिक सभा, फक्त पाण्याच्या टाकीच्या जागी पुरस्काराच्या वर्गवारीची व्याख्या. घटनादुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा. आणि एवढं करून मंजूर झालेली दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या संमेलनात पुन्हा मंजूर व्हावी लागते, तेव्हा कुठे लागू होते. मी चहाच्या निमित्ताने निसटलो.

रविवारी रात्री आर्माडिलोत विज्ञानकथा-अद्भुतकथांचे ह्यूगो पुरस्कार. ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाच्या नावाचे, 1953 पासूनचे, मानचिन्ह म्हणून अग्निबाण. विजेता ठरवतात सदस्य, मत टाकून. समिती नाही, शिफारस नाही. म्हणजे फोन तरी कोणाला करायचा?

पण जग अगदीच परकं नाही. त्या वर्षी मोजणी करणाऱ्यांनी 377 मतं बाद करून तसं आधीच जाहीर केलं होतं. एका उमेदवारासाठी कोणीतरी सदस्यत्वं विकत घेतल्याचा संशय होता. त्या उमेदवाराला याची खबर असल्याचा पुरावा नाही, हेही सांगून टाकलं. संशय आला कशावरून? काही मतदारांची आडनावं सारखीच, फक्त पहिलं अक्षर वर्णमालेच्या क्रमाने बदललेलं. काहींची नावं म्हणजे ओळीने आकड्यांची भाषांतरं. द्विवेदी, त्रिवेदी, चतुर्वेदी रांगेत मतदान करून गेले म्हणा ना. बोगस मतदार म्हटल्यावर मला त्या सभागृहात पहिल्यांदाच घरी असल्यासारखं वाटलं.

"खोटं नाव घ्यायलाही अक्कल लागते," मी भाचीला म्हणालो. "1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या माणसाची कथा पहिली आली. ना, वि, ज. उलट वाच."

"ज, वि, ना... जयंत विष्णू नारळीकर?"

"नावाचं वजन पडू नये म्हणून नाव बदललं."

"आणि तू जाकीट घालून आलास," भाची म्हणाली.

सोहळा संपवून हॉटेलवर आलो तर खाली सोफ्यांवर आजी, डच गृहस्थ, ती तरुणी आणि वर आणखी चार नवे चेहरे. मोज्याची टाच विणून झाली होती. मला पाहताच सगळे सरकून बसले.

"बरं झालं आलात. आमचं जवळपास ठरलंय," आजी म्हणाल्या. "झाड तोडलं तरी मुंजा लाकडातच राहतो. म्हणजे त्या लाकडाचं टेबल केलं, तर टेबलात. बरोबर?"

अखेर कोणीतरी लेखकाला निवाडा मागत होतं. मी जाकीट ठीक केलं, घसा साफ केला. "आमच्याकडे पिंपळाचं फर्निचर सहसा करत नाहीत."

डच गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं. आजींनी मान हलवली, चार टाके घातले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि सरपण?"

"माझी लिफ्ट आली," मी म्हणालो, आणि जिन्याने वर गेलो.