सीमेच्या अलीकडचा घाट

मिझोरामची राजधानी ऐझॉलजवळच्या सायरांगला रेल्वेगाडी पोहोचली आणि लोकांनी लगेच पुढचा नकाशा काढला. ऐझॉलपासून सरळ खाली, मिझोरामच्या दक्षिण टोकाला, म्यानमारच्या हद्दीजवळच्या ह्बिछुआपर्यंत. 223 किलोमीटर. मग काय, म्यानमारचं सितवे बंदर आलंच म्हणायचं हातात!

जरा दमानं घ्या. आसामच्या हद्दीजवळच्या बैरबीपासून सायरांगपर्यंतचे हे 51 किलोमीटर 2008-09 मध्ये मंजूर झाले आणि उद्घाटनाला 13 सप्टेंबर 2025 उजाडला. चाळीसहून जास्त बोगदे, 8,000 कोटींहून जास्त खर्च, आणि कुतुबमिनारापेक्षा उंच खांबांचा एक पूल. ऑगस्ट 2023 मध्ये सायरांगजवळ पुलाचं काम चालू असताना वीसहून अधिक मजूर मेले, बहुतेक बंगालच्या मालदा जिल्ह्यातले. उद्घाटनाच्या पोस्टी वाचताना मला तेच आठवत होते.

लाइन झाली याचा आनंद आहेच. 1959 च्या 'माउताम'मध्ये बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं फस्त झाली. धान्य वेळेवर पोहोचलं नाही, आणि त्या उपासमारीतून उठलेला असंतोष 1966 च्या मिझो बंडापर्यंत गेला. शांतता करार व्हायला 1986 उजाडलं. अशा राज्यात तांदळाचा वॅगन राजधानीपासून वीसेक किलोमीटरवर रिकामा होणं ही लहान गोष्ट नाही.

पण सीमा? तिथे पलीकडे कोण आहे, बघा. म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या चिन जमातीचे हजारो निर्वासित मिझोराममध्ये आले. सितवेहून नदीनं आणि मग रस्त्यानं मिझोरामला माल आणायच्या कलादान प्रकल्पात बोटीतला माल जिथे उतरवून ट्रकवर चढवायचा, ते म्यानमारमधलं पालेत्वा जानेवारी 2024 मध्ये आराकान आर्मी या तिथल्या बंडखोर संघटनेनं घेतलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्या सरकारनं या सीमेवरची मुक्त ये-जा बंद करून कुंपण घालायचं जाहीर केलं. एका हातानं कुंपण, दुसऱ्या हातानं रूळ. मिझो लोकांचा कुंपणाला विरोध आहे, कारण त्यांचे नातेवाईक पलीकडे राहतात.

मिझोरामला खरी अडवणारी सीमा दुसरीच आहे, आसामची. जुलै 2021 मध्ये दोन राज्यांच्या पोलिसांत गोळीबार झाला, आसामचे सहा पोलीस मेले, महामार्गावर ट्रक अडकले. आणि आसामच्या हैलाकांदी जिल्ह्यात रूळही उखडले गेले. म्हणजे रस्ता बंद पडला की रेल्वे वाचवेल, हेही गृहीत धरू नका.

त्याहून मोठं दुखणं डोंगरात आहे. सायरांगची प्रत्येक गाडी आसाममधल्या लुमडिंग–बदरपूर घाटातून येते. त्रिपुरा आणि दक्षिण आसामातल्या बराक खोऱ्याचाही भार त्याच एका वाटेवर. 2015 मध्ये तिथे ब्रॉडगेज झालं. मे 2022 मध्ये दरडी कोसळल्या, घाटातलं न्यू हाफलाँग स्टेशन चिखलात गेलं, उभी गाडी चिखलाच्या लोंढ्यानं आडवी केली. जवळपास दोन महिने वाहतूक बंद. (कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक माहीत असलेल्यांना दरड म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आपल्याला निदान दुसरा रस्ता असतो.)

ह्बिछुआचा सर्व्हे खुशाल करा. पण पैसा हातात आला तर पहिला त्या घाटातल्या उतारांवर, गटारांवर आणि पर्यायी मार्गावर लावा. सायरांगच्या पुढचा पहिला बोगदा त्यानंतर.