शेरा मारून दार बंद?

दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पास करायचं, पण गुणपत्रिकेवर ‘हे विषय पुढे घेता येणार नाहीत’ असा शेरा द्यायचा, या राज्याच्या २०२४ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातल्या प्रस्तावावरचा एक लेख वाचला; त्यात नुसती ‘दर्जा घसरला’ ही ओरड आहे. मला खुपतो तो शेरा. पंधरा-सोळाव्या वर्षी पोराला कायमचं सांगून टाकायचं, विज्ञान तुझं नाही?

तालुक्याच्या शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं मी. प्रात्यक्षिकाचे २० गुण बऱ्याच ठिकाणी जर्नल उतरवून मिळतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण बहिर्वक्र भिंगातून खिडकीबाहेरचं झाड कागदावर उलटं उमटलं की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची. (भिंग एकच, तेही कपाटात, किल्ली क्लार्ककडे!)

केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीतून आवर्तसारणी आणि उत्क्रांती काढली तेव्हा बालभारतीच्या पुस्तकात दोन्ही होत्या, याचं बरं वाटलं होतं. पण उत्क्रांतीचा धडा आमच्याकडे ‘आय.एम.पी. प्रश्न’ लिहून देऊन दोन तासांत उरकायचे. गोडी तिथेच मरते, ३५ ठेवा नाहीतर २०.