जटेवरच्या लेखावर आलेल्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. एका पोरीच्या डोक्यावरची जट काढायला हवी असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं, मी देवीचा अपमान केला, आईबाप बघून घेतील, आणि अकरा वर्षांच्या पोरीला श्रद्धेतलं काय कळतंय.

देवीबद्दल मी एक शब्द वाकडा लिहिलेला नाही, परत बघा. यल्लम्मा माझ्या आजोळचीही देवी आहे, सौंदत्तीला आमच्यातले लोक आजही जातात. मी लिहिलंय ते नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीतल्या त्या पोरीबद्दल. केसात गुंता झाला, त्यात तेल आणि धूळ बसून तो घट्ट झाला, तेवढ्यात शेजारची कुणीतरी बोलली देवी आलीय, विंचरू नका, मग काय भंडारा लावणं सुरू आणि आता दोरखंडासारखी जट मानेवर लोंबतेय. उवा झाल्यात. झोपते ती एकाच कुशीवर, दुसऱ्या बाजूला टोचतं. शाळेत ओढणी गुंडाळून शेवटच्या बाकावर. आणि मंगळवार-शुक्रवारी चाळीतल्या बाया येऊन तिच्या पाया पडतात, त्यात तिच्या मैत्रिणीची आई पण असते, मग ती मैत्रीण हिच्यासोबत लंगडी खेळेल का सांगा!

कळत नाही म्हणता ना? जट कापली तर धाकट्या भावाचं काहीतरी वाईट होईल, हे तिला पक्कं कळलंय, कारण घरातल्या मोठ्यांनीच सांगितलंय. भावाला साधा ताप आला तरी ही कोपऱ्यात बसून रडते, माझंच काय चुकलं विचारते. एवढ्याशा जिवावर घरादाराचं बरंवाईट टाकायचं? माझा सगळा राग ह्याच्यावर आहे.

आईला मी दोष दिलेलाच नाही, ती बिचारी स्वतःच घाबरलीय. पुण्यात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) नंदिनी जाधव कित्येक वर्षं जटा काढतायत, आधी घरच्यांशी बोलायचं, भीती घालवायची, मग कात्री. आणि हे केसांवर थांबत नाही हो, जट आली म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्यात, देवदासी पद्धत बंद करायला महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे तो उगाच नाही.

दुसऱ्या धर्मावर का लिहीत नाही विचारलंत, तर जे माझ्या माणसांत चालतं ते मला आतून माहितीय म्हणून त्यावर लिहिते.

तुम्ही स्वतः देवीची परडी भरता असं लिहिलंय. मग दादा एक करा, येत्या रविवारी माझ्यासोबत तिच्या घरी चला. देवी कोपत नाही हे मी सांगून तिच्या आईला पटत नाहीये, भक्ताच्या तोंडून ऐकलं तर पटेल. तुर्भे स्टेशनवर भेटू, वेळ तुम्ही सांगा.