आवाज येतोय, चित्र नाही

‘ही फाइल चालणार नाही’ एवढं सांगून कॉम्प्युटर मोकळा होतो. का चालणार नाही ते त्याला सांगता येत नाही असं नाही, सांगायचंच नसतं, असं माझं ठाम मत झालंय.

पुण्याच्या चुलतभावाच्या मुलाची मुंज झाली, इथून इंदूरहून काका एकटेच गेले होते, मग फोटोग्राफरचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर आला. आत्या, काकू सगळे पोह्यांच्या बशा घेऊन स्क्रीनसमोर बसले, मी डबल क्लिक केलं अन् आवाज सुरू. नुसता आवाज. भटजी ठणठणीत मंगलाष्टकं म्हणतायत आणि स्क्रीन काळीकुट्ट. आत्या म्हणाली, “लाइट गेले होते का रे तिकडे?”

मग उपचार सुरू. काकांचं निदान कायम एकच, व्हायरस. काकूंचं, बंद करून परत लाव. शेजारचा पोरगा आला, त्याने फाइलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी-फोर लिहिलं, “अब चल जाएगी भिया” म्हणाला आणि जिरावन मसाला भुरभुरून प्लेटभर पोहे खाऊन गेला. काही चाललं बिललं नाही. एमकेव्ही काय अन् एमपी-फोर काय, हे नुसते डबे, आत व्हिडिओ कुठल्या कोडेकने, म्हणजे दाबायच्या कुठल्या पद्धतीने, भरलाय ते नावावरून कळतच नाही. हे मी समजावायला गेलो तर आत्याला लगेच कळलं, म्हणाली, “म्हणजे आपल्या चहाच्या डब्यात मेथ्या असतात तसं.” तसंच. (चहा कुठल्या डब्यात असतो ते मला अजून सापडलेलं नाही.)

तर आमच्या डब्यात निघालं एच.२६५ उर्फ एचईव्हीसी. हे आलं २०१३ साली आणि आमचा कॉम्प्युटर त्याच्या आधीचा, त्याचं शिक्षण एच.२६४ पर्यंतच. नव्या कोडेकमध्ये तेवढंच चांगलं चित्र साधारण निम्म्या जागेत बसतं म्हणे, पण वाचलेल्या जागेची वसुली उघडताना प्रोसेसरकडून होते. आवाज मात्र एएसी नावाच्या साध्या कोडेकमध्ये होता, तो ओळखीचा, म्हणून भटजी ऐकू आले.

आता नेटवर कोडेक शोधायला गेलं की डाउनलोडची एवढाली हिरवी बटणं नाचत येतात, आणि खरं बटण कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात, ते ज्याला पहिल्या झटक्यात ओळखता येतं त्याला माझा नमस्कार. मी त्या भानगडीत न पडता सरळ व्हीएलसी टाकला. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ साली प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेला हा प्लेअर, फुकट, आणि आपले कोडेक स्वतःच घेऊन फिरतो. चित्र आलं! पण व्हिडिओ फोर-के, म्हणजे अवाढव्य चित्राचा, बटूचा हात वर जायला लागायचा, मध्येच थिजायचा आणि एकदम खालीच दिसायचा, मधल्या वेळात हाताने काय केलं देव जाणे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभर टक्के अन् पंख्याचा आवाज भटजींच्या वर.

शेवटी हँडब्रेक नावाच्या, व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमवर तीच फाइल १०८० म्हणजे लहान चित्रात आणि एच.२६४ मध्ये करायला रात्रभर लावली. काकांना रात्री उठून दिसेल ते बटण बंद करत फिरायची सवय आहे, म्हणून स्विचवर चिकटपट्टी मारून ठेवली. सकाळी व्हिडिओ पळाला एकदम मक्खन, फक्त आवाज थोडा पुढे, म्हणजे ‘सावधान’ आधी आणि अक्षता मागून. व्हीएलसीत के दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो, जे दाबलं की पुढे, मी के दाबत बसलो, ‘सावधान’वर बरोबर अक्षता पडेपर्यंत.

एवढं सगळं जुळवलं आणि आत्या म्हणाली, “हे पळव रे पुढे, पंगत दाखव.”

पंगत आली. काकू एकदम म्हणाली, “थांबव. मागे घे. अजून मागे.” डावीकडून तिसरं पान काकांचं, शुगर आहे म्हणून तिकडे गोडाला हात लावला नाही असं सांगत परत आलेल्या काकांचं, आणि वाढप्या पुढे सरकत होता तर काकांनीच त्याच्या धोतराचं टोक धरून त्याला थांबवलं होतं. जिलब्या मोजता येत होत्या.

काकांनी चष्मा लावला, नीट बघितलं आणि म्हणाले, “हल्ली एआयने काहीही बनवतात.”