‘दोन नंबर’ म्हणजे दोन मिलिमीटर नव्हे

उन्हाळी कटिंगच्या दिवसांत नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: मशीनच्या गार्डवरचा, म्हणजे पात्यावर बसवायच्या कंगव्यावरचा आकडा म्हणजे उरणाऱ्या केसांची मिलिमीटरमधली लांबी. सलूनच्या क्लिपरपुरतं हे चूक आहे.

तिथला एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून 1 नंबरला साधारण 3 मिमी केस उरतात, 2 ला 6, 3 ला 10, 4 ला 13, आणि 8 नंबरला पुरता एक इंच. ‘झिरो’ म्हणजे बिनगार्डची पाती. बाजूचा खटका उघडा की बंद, यावर तिथेही मिलिमीटरभराचा फरक पडतो.

गोंधळ होतो तो घरच्या ट्रिमरमुळे. त्याच्या चाकावर बहुतेकदा खरंच मिलिमीटर असतात. सलूनमध्ये ‘दोन नंबर मारा’ म्हणणाऱ्यानं घरी ट्रिमर 2 वर लावला, तर केस तिपटीनं आखूड होतात, टाळू दिसू लागते. मे महिन्यात भर दुपारी बर्डीच्या बाजारात असं डोकं घेऊन फिरून बघा!

घरी क्लिपरनं कापताना आधी 4 नंबरचा (13 मिमी) गार्ड लावा, मग खाली या. गार्ड मागून ‘खट’ वाजेपर्यंत दाबा; अर्धवट बसलेला गार्ड निसटला की थेट खड्डा. केस कोरडे हवेत, आणि मशीन वाढीच्या उलट दिशेनं चालवा. वाढीच्या दिशेनं चालवलं तर तोच नंबर केस लांब ठेवतो. भोवऱ्यापाशी दिशा बदलत राहा.

सलूनमध्ये नुसतं ‘बारीक’ म्हणू नका. ‘बाजूला दोन, वर कैची’ एवढं सांगितलं तरी पुरे.