दिनविशेष कसा टाकावा : होतकरूंसाठी मार्गदर्शन

इतिहास वाचायला वेळ नाही, पण आपल्याला इतिहासाची जाण आहे असं चार लोकांना वाटायला तर हवंय? मग दिनविशेष टाकायला लागा. रोज पहाटे, ग्रुपवरची माणसं डोळे चोळत उठायच्या आत, वर ठळक अक्षरात "आजच्या दिवशी इतिहासात", खाली वीसेक ओळी आणि प्रत्येक ओळीआधी एक इमोजी. कुणाच्या मृत्यूच्या ओळीपुढे चुकून केक आला तरी काढत बसू नका, कॉपी-पेस्टमध्ये एवढं चालायचंच.

मजकूर कुठून आणायचा? कालच्या ग्रुपवरून. त्यांनी कुठून आणला हे विचारणं असभ्यपणाचं असतं.

क्रम लावायच्या भानगडीत पडू नका. एका नटाचा जन्म, मग बर्लिनची भिंत पडली, मग कुठल्यातरी क्रिकेटपटूचं शतक, मग दहा हजार माणसं मारणारा भूकंप. सगळ्यांना एकेक ओळ. समानता.

आता महत्त्वाचं. एकाच तारखेला दोन मोठी माणसं सापडली की सोन्याहून पिवळं! "काय हा विलक्षण योगायोग" असं लिहून तीन उद्गारचिन्हं द्यायची. हमखास चालणारा माल म्हणजे शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस, दोघंही म्हणे २३ एप्रिल १६१६ ला गेले, साहित्यातले दोन सूर्य एकाच दिवशी मावळले वगैरे. यात एकच बारीकशी अडचण आहे की स्पेनने १५८२ सालीच ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते नवं कॅलेंडर घेतलं होतं आणि इंग्लंड मात्र जुन्या ज्युलियनलाच चिकटून बसलेलं, दोन्हींत तेव्हा दहा दिवसांचा फरक, त्यामुळे शेक्सपिअर गेला त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे चालू होता. शिवाय सर्व्हान्तेस बहुतेक अभ्यासकांच्या मते २२ लाच गेलेला, २३ ही दफनाची नोंद. म्हणजे तारीखही धड एक नाही आणि दिवस तर नाहीच नाही. पण सूर्य मावळवायचेत ना, मग हे सांगायचं नाही.

असंच गॅलिलिओचं. "गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, जणू ज्ञानाची ज्योत एकाने दुसऱ्याकडे दिली." वा! गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, ही तारीख इटलीतल्या नव्या कॅलेंडरची. न्यूटन जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, ही इंग्लंडातल्या जुन्या कॅलेंडरची. दोघांना एकाच कॅलेंडरात बसवलं की न्यूटन जातो ४ जानेवारी १६४३ वर आणि ज्योत विझते. म्हणून युक्ती अशी की एकाच वाक्यात दोन कॅलेंडरं वापरायची. कुणाच्या बापाला कळत नाही.

रशियातली ऑक्टोबर क्रांती ७ नोव्हेंबरला टाका. का, असं कुणी विचारलंच तर रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं हे सांगायचं नाही, हात जोडलेला इमोजी टाकायचा.

रोममध्ये १० ऑक्टोबर १५८२ ला काय घडलं हेही एकदा टाकून बघा. त्या वर्षी तिथे नवं कॅलेंडर लागू होताना ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर उजाडला, मधले दिवस उगवलेच नाहीत. तरी कुणीतरी "छान माहिती सर" लिहिणार याची मला खात्री आहे.

टाइमझोन हा शब्द मनातही आणू नका. माणूस चंद्रावर उतरला २० जुलैला, बस. भारतात तेव्हा २१ जुलैची पहाट होती हे गेलं उडत. पर्ल हार्बरवर जपानचे बॉम्ब पडले तेव्हा हवाईत ७ डिसेंबर आणि तोक्योत ८ डिसेंबर. जर्मनीच्या शरणागतीचा दिवस युरोपच्या पश्चिमेला ८ मे, मॉस्कोत ९, कारण ती लागू झाली तेव्हा मॉस्कोतल्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती. एवढं सगळं लिहिलंत तर पोस्ट लांबते आणि मग चांगल्या विचारांना जागा उरत नाही.

योगायोगात नियतीचा हात दाखवायला विसरू नका. लिंकन आणि डार्विन एकाच दिवशी जन्मले, १२ फेब्रुवारी १८०९, हे अगदी खरं आहे. पण एका खोलीत २३ माणसं असली तरी त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. कॅलेंडरात घरं जेमतेम ३६६, आणि त्यात आपण हजारो वर्षांचं सगळं ओततोय, मग प्रत्येक घर ओसंडून वाहणारच की. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि जॉन अॅडम्स दोघंही ४ जुलै १८२६ ला गेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्याच दिवशी, हा योगायोग मात्र मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. गंमत म्हणजे स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला होता २ जुलैला, आणि पुढच्या पिढ्या २ जुलैच साजरा करतील असं खुद्द अॅडम्सनेच बायकोला पत्रात लिहिलं होतं. ही ओळ कुठल्या फॉरवर्डमध्ये दिसली तर मला नक्की पाठवा.

आणि जिथे खरोखर धागा आहे तिथे तो कटाक्षाने तोडा. ९ नोव्हेंबर घ्या. १९१८ ला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची गादी गेली आणि जर्मनीत प्रजासत्ताक जाहीर झालं. हिटलरच्या लोकांना तीच सल, त्यांनी १९२३ मध्ये म्युनिकमध्ये बंड केलं, ते ९ नोव्हेंबरलाच गोळीबारात चिरडलं गेलं. पुढे सत्तेत आल्यावर ते दरवर्षी त्याची आठवण साजरी करायचे, १९३८ ला त्याच कार्यक्रमासाठी सगळे पुढारी म्युनिकमध्ये जमलेले, तिथेच हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण ठोकलं आणि त्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जळाली. १९८९ ची भिंत मात्र त्या तारखेला निव्वळ गोंधळातून उघडली, पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीतला पुढारी शाबोव्स्कीला सीमा ओलांडायचे नवे नियम कधीपासून ते विचारलं आणि तो कागद चाळत "लगेच" म्हणून गेला. त्यामुळे एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस ठरवायची वेळ आली तेव्हा ९ नोव्हेंबरवर १९३८ चा डाग होता, जर्मनांनी ३ ऑक्टोबर घेतला. एक तारीख, चार घटना, आणि त्यातल्या तीन एकमेकींत गुंतलेल्या. तुमच्या पोस्टमध्ये काय होतं? "१९८९ : बर्लिनची भिंत पडली 🎂".

शेवटची टिप, कुणी चूक दाखवली तर काय करायचं. ही मला परवाच फुकटात शिकायला मिळाली. १४ फेब्रुवारी, दरवर्षीप्रमाणे "आज प्रेमाचा दिवस नाही, आज भगतसिंगांना फाशी झाली होती, लाज वाटू द्या" ही पोस्ट. मी फक्त एवढंच लिहिलं की फाशी २३ मार्च १९३१ ला झाली, शिक्षा सुनावली होती ७ ऑक्टोबर १९३० ला, १४ फेब्रुवारीला यातलं काहीच झालं नाही. उत्तर काय आलं? "एका तारखेने काय फरक पडतो, भावना समजून घ्या." खाली अकरा अंगठे. मग अॅडमिनचं "कृपया ग्रुपवर निगेटिव्ह बोलू नये".

काय फरक पडतो? अहो, फाशी ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. लोक जमतील या धास्तीने सरकारने ती आदल्या संध्याकाळीच उरकली, भगतसिंग, राजगुरू, सुखदेव तिघांनाही, आणि रातोरात मृतदेह लाहोरच्या तुरुंगातून काढून सतलजच्या काठी नेऊन जाळले. त्या सरकारला काही तासांचा फरक पडत होता. तुम्हाला महिन्याचाही पडत नाही आणि वर देशभक्ती तुम्ही आम्हाला शिकवणार? तारखेचीच पोस्ट टाकता ना तुम्ही? तारीख सोडून त्यात आहे काय दुसरं? ती चुकली तर उरतो फक्त तुमचा नमस्काराचा इमोजी. ज्यांच्या नावाने दुसऱ्यांना लाज वाटू द्या म्हणता ते कधी गेले हे बघायला दोन मिनिटं काढत नाही, आणि सांगणारा निगेटिव्ह?

आणि हो, "मग सर तुम्हीच का नाही रोज दिनविशेष टाकत" असं ज्यांनी मला पर्सनलवर विचारलं त्यांना इथेच सांगतो. कारण एक तारीख नीट तपासायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. तुम्ही तशा वीस टाकता, दात घासायच्या आधी.