चार सेकंदांनी नापास

हळदीकुंकवाला कुणी विचारलं, ‘‘तू काय गं करतेस?’’ की मी सांगते, ‘‘लोकांच्या झोपा तपासते.’’ यावर शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, ‘‘आणि त्याचा पगार देतात?’’ देतात. कमी देतात, पण देतात.

नाशिकला गंगापूर रोडवर आमची स्लीप लॅब आहे. रात्रपाळीचा मुलगा पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला आणि पायांना वायरी चिकटवतो. मग छाती-पोटाला पट्टे बांधतो, नाकात नळी घालतो, बोटाला चिमटा लावतो आणि म्हणतो, ‘‘आता निवांत झोपा.’’ हे म्हणताना त्याला हसू कसं येत नाही, देव जाणे. सकाळी मी येते आणि रात्रभराच्या त्या रेघोट्या ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचते. या तुकड्याला आम्ही इपॉक म्हणतो. प्रत्येक इपॉकला एकच शेरा द्यायचा: जागा, एन-वन, एन-टू, एन-थ्री (हलक्यापासून गाढ झोपेच्या पायऱ्या) नाहीतर रेम (डोळे भिरभिरतात ती झोप). ८ तासांचे ९६० शेरे. तीसच सेकंद का, तर पूर्वी हे सगळं कागदावर निघायचं. कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकायचा आणि पान ३० सेंटिमीटरचं असायचं. म्हणजे एका माणसाच्या एका झोपेला २८८ मीटर कागद. नऊवारीत मोजलं तर ३५ लुगडी. आता स्क्रीन आहे, पण पानाची सवय काही सुटलेली नाही.

इपॉकच्या आत बहुमताचं राज्य चालतं. डोळे मिटून जागं असताना मेंदूतून सेकंदाला ८ ते १३ वेळा हलणाऱ्या अल्फा लहरी निघतात. त्या अर्ध्याहून अधिक इपॉकभर दिसल्या तर माणूस जागा. त्या विरून गेल्या आणि बुबुळं संथ, झोपाळ्यासारखी हलू लागली की एन-वन. गाढ झोपेला, म्हणजे एन-थ्रीला मात्र बहुमत लागत नाही. मोठ्या संथ लहरी २० टक्के असल्या, म्हणजे फक्त ६ सेकंद, तरी अख्खा इपॉक त्यांचा. अल्पमतातलं सरकार, पण सगळ्यात स्थिर.

तर आमचे अण्णा. माझे सासरे. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, मुक्काम जेलरोड. दोन गोष्टी त्यांनी आयुष्यात कधी केल्या नाहीत: एक, घोरणं आणि दुसरी, टीव्हीसमोर झोपणं. मान छातीवर, तोंड उघडं, रिमोट हातात. हळूच रिमोट काढायला जावं तर डोळे न उघडताच, ‘‘बघतोय मी.’’ सासूबाई म्हणतात, ‘‘मालगाडी गेली की निदान शांतता होते, हे थांबतच नाहीत.’’ खरं तर ते थांबायचे. तीच भीती होती. घोरता घोरता एकदम श्वास बंद, मग घुसमटून मोठा आचका. शेवटी डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली.

‘‘दुपारी झोपू नका, बारानंतर चहा नको, डोक्याला तेल नको,’’ असं मी तीनदा बजावलं होतं. वार रविवार. अण्णांनी मित्रांबरोबर मिसळ खाल्ली, तर्री दोनदा मागून घेतली, वामकुक्षी काढली, चार वाजता चहा घेतला आणि ‘‘लोकांसमोर जायचं’’ म्हणून डोकं चप्प बसवलं. त्या खोबरेल तेलावर वायर काही टिकेना. रात्रपाळीच्या मुलाने स्पिरिट लावून लावून अण्णांचे उरलेसुरले केस पुसले.

वायरी लावल्या की सिग्नल नीट येतोय का ते पाहायला पेशंटकडून थोडी कवायत करून घेतात. डोळे मिटा, उघडा, डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, पाच वेळा मिचकावा. अण्णांनी सगळं पीटीच्या तासासारखं केलं. मग मुलगा म्हणाला, ‘‘काका, आता घोरल्याचा आवाज काढून दाखवा.’’

अण्णा म्हणाले, ‘‘मला येत नाही.’’

पुष्कळ विनवण्या झाल्या. ‘‘जे आयुष्यात कधी केलं नाही ते तुमच्या मशीनसाठी का करू?’’ हे बाणेदार उत्तर रेकॉर्डिंगमध्ये आजही आहे. त्यानंतर २२ मिनिटांनी घोरण्याच्या रेघेने आपली चौकट सोडली आणि वरच्या-खालच्या दोन्ही रेघांत शिरली, तेही आहे.

सकाळी सूनबाई खुर्चीत. घरच्या माणसाची झोप आपण तपासू नये असं मला वाटत होतं, पण लॅबमध्ये या कामाला मी एकटीच. मग मनाची समजूत घातली. माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपणाऱ्या हान्स बर्गर यांनी स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या डोक्याला किती वेळा तारा लावल्या! शिकागोच्या युजीन असेरिन्स्की यांनी तर आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांशेजारी वायरी चिकटवून रात्री जागून काढल्या आणि १९५३ साली आपले मार्गदर्शक क्लाइटमन यांच्यासह झोपेतल्या त्या भिरभिरत्या डोळ्यांचा, म्हणजे रेमचा शोध छापला. बापांनी पोरांना जुंपलं, तर सुनेने सासऱ्यांना तपासलं म्हणून काय बिघडलं?

बिघडलं ते रिपोर्ट दाखवल्यावर. दर तासाला ३८ वेळा श्वास अडलेला, आणि यात १० सेकंदांहून कमी अडला तर आम्ही धरतही नाही. ३० च्या वर गेलं की झोपेत श्वास अडण्याचा हा आजार तीव्र. यावर अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. त्यांचं बोट ‘एकूण झोप ५ तास १२ मिनिटं’ इथे.

‘‘हे खोटं आहे. मी रात्रभर टक्क जागा होतो.’’

‘‘अण्णा, एन-वनमधून उठवलेला माणूससुद्धा मी जागाच होतो म्हणतो.’’

‘‘मग दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बाहेर कुत्रं भुंकलं, ते मला कसं कळलं?’’

मी घाबरत घाबरत तो इपॉक काढला. एन-टू चाललेला. चातीवर सूत भरल्यासारख्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या लहरी, आम्ही त्यांना स्पिंडल म्हणतो, त्या मधूनमधून. आवाजाच्या रेघेवर कुत्रं भुंकलेलं. लगेच एक उंच टोक आणि खोल दरी, के-कॉम्प्लेक्स. याचा अर्थ साधारण असा, की मेंदू म्हणतो, ऐकलं, पण मी उठणार नाही. (दारावरच्या बेलला माझ्या नवऱ्याचा संपूर्ण प्रतिसाद एवढाच असतो.) पण अण्णा उठले होते. अल्फा लहरी, स्वच्छ, ११ सेकंद. मग पुन्हा स्पिंडल.

‘‘बघा, तुम्ही अकरा सेकंद जागे होतात,’’ मी कबूल केलं.

‘‘मग शेरा झोपेचा का?’’

‘‘पंधराच्या वर लागतात. अर्ध्याहून जास्त.’’

अण्णांनी चष्मा काढला. ‘‘चार-पाच सेकंदांसाठी नापास? दहावीलासुद्धा ग्रेस मार्क देतात!’’

मी सांगितलं की हा नियम माझा नाही, अमेरिकेतल्या संस्थेचं २००७ पासूनचं पुस्तक आहे, जगभर तेच चालतं. आणि दोन तज्ज्ञांना एकच रात्र दिली तर जागं आणि एन-वन यांच्या कुंपणावर त्यांचीही भांडणं होतात, हे मात्र मी बोलले नाही. ते कळलं असतं तर अण्णांनी दुसरा तज्ज्ञ मागवला असता.

आता नाकावर हवेचं मशीन लावून झोपतात. घोरणं थांबलंय, सासूबाईंना ती शांतता सोसवत नाही म्हणून त्या उठून बघतात. अण्णांनी उशाशी एचएमटीचं जुनं घड्याळ आणि टॉर्च ठेवलाय. परवा रात्री आमच्या दारावर टकटक. मी दचकून उठले, नवऱ्याचा बहुधा के-कॉम्प्लेक्स. दार उघडलं तर मास्क कपाळावर सरकवून अण्णा उभे.

‘‘सूनबाई, आत्ता सोळा सेकंद जागा होतो. मोजून. लिहून ठेव.’’